तीन नंबरची किल्ली

पंपबोट किनाऱ्याला लागत नाही,
कंबरेएवढ्या पाण्यात आपले बांबूचे पंख पसरून डुलत राहते.
चपला हातात घेऊन उतरायचं. बॅग कुणा दुसऱ्याच्याच डोक्यावर,
आणि त्याच्यामागून आपण,
आपल्याच सामानाच्या वरातीत.

"रात्रीचे सहाशे पेसो. पंखा आहे. गरम पाणी नाही.
समुद्र फुकट," मानांग प्रिमितिवा म्हणते.
वहीत माझं आडनाव दोनदा लिहून दोनदा खोडते,
मग नुसतंच लिहिते: चार नंबर.

चार नंबर म्हणजे एक खाट,
भोकांना चिकटपट्टी लावलेली मच्छरदाणी,
खिळ्यावर असा आरसा
की हनुवटी दिसते किंवा कपाळ. दोन्ही एकदम नाही.
न्हाणीघरात बादली, आणि तिच्यात तरंगणारा
लांब दांड्याचा मग. ताबो म्हणतात त्याला.
तीन विमानतळांवर मी त्याच्यावाचून अडलो होतो.
इथे तो असा हाताशी, जणू घरून आधीच निघून आलेला.

रात्री आठला वीज जाते.
रेनांते जनरेटरच्या दोरीला तीन हिसके देतो,
चौथ्याला शिवी. मग तो लागतो.
पलीकडच्या घरात कराओके अर्ध्या ओळीत मेलं आहे,
पण गाणारा थांबत नाही,
माइकशिवाय उरलेलं कडवं ओढत नेतो शेवटापर्यंत
आणि त्याचा तोच टाळ्या वाजवतो.

दारामागे फळी. फळीवर किल्ल्या:
एक, दोन, तीन, चार, पाच.
खोल्या मात्र चारच.
मी बाहेर जाऊन मोजल्या, परत येऊन किल्ल्या मोजल्या.

दुसऱ्या दिवशी लसणीच्या भाताबरोबर
तळलेली सुकी मासळी वाढताना तिला विचारलं.
"तीन?" तिने डाव समुद्राकडे रोखला.
"ती त्याच्याकडे आहे. वादळ झालं त्या नोव्हेंबरपासून.
भाडं एकदाही दिलेलं नाही.
आणि बाबा जातही नाही."

शनिवारी ती किल्ल्यांना खोबरेल लावते,
खारी हवा लोखंड खाते म्हणून.
एकीला, दोनला, तीनला.
तीनला जरा जास्तच, असं मला वाटलं.
वाटलं असेल नुसतं.

निघायच्या दिवशी पहाटे मोठी ओहोटी.
पाणी इतकं मागे गेलं
की एक लाल कोब्याची जमीन उघडी पडली,
तिला मोरी होती, मोरीला जाळी,
चार कोपऱ्यांत खाटेच्या पायांचे चार गोल डाग,
आणि एक उंबरा, ज्याला ना चौकट ना भिंत.
प्रिमितिवा आणि शेजारची एक बाई
उकिडव्या बसून कोयतीने खुबे खरवडत होत्या.
"म्हणजे देतो की तो भाडं," मी म्हणालो.
"हे भाडं नव्हे," ती मान वर न करता म्हणाली. "ही न्याहारी."

मी आत गेलो. आत म्हणजे,
जिथून आत सुरू व्हायचं तिथून.
खिडकी असेल त्या जागी उभा राहिलो
आणि ती जे पाहत असेल ते पाहिलं:
पाणी, एक बगळा, पाणी.
एका खेकड्याने मोरीतून डोकावून
मला कुणी पाठवलं याचा अंदाज घेतला.

किती वेळ गेला कोण जाणे.
भरती पावलांना लागली तेव्हा वळलो,
तर उंबऱ्याबाहेर एकच चप्पल.
दारच नसलेल्या खोलीत शिरताना
मी चपला बाहेर काढल्या होत्या.
हे माझ्याही आत्ताच लक्षात आलं.

दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.
रेनांते गुडघाभर पाण्यात जाऊन
रिकाम्या हाताने परत आला.

हिशेब करताना तिने वही उलटली,
तीन नंबरचं पान काढलं,
वर्षानुवर्षं कोरं,
आणि ठळक अक्षरांत लिहिलं: चप्पल, डावी, एक.
"सामान आणायला लागला," ती म्हणाली,
"आता मुक्काम वाढणार याचा."

बोटीकडे जाताना
या वेळी हातात एकच होती.
ती टाकून द्यावी की नाही, ते ठरेना.